चेनवाल्या मावशींची खुणांची शाळा

पूल ओलांडून मावशी आणि मी कारखान्याच्या लांबलचक भिंतीच्या कडेने चालत होतो. समोरून येणारा एक सायकलवाला मावशींकडे बघून थांबलाच.

"आजी, मला काही म्हणालात का?"

"तुला नाही रे बाबा. जा तू आपला," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा हात हलवायला लागल्या. भूक. झोप. पाणी. आई उद्या येईल. सगळं हातांनी.

पुलाचं काम चाललं होतं म्हणून बस पलीकडच्या स्टँडपर्यंतच येत होत्या. दुपारच्या बसने मावशींची लेक आणि नात येणार होत्या. एकटीने जायला धीर होईना, म्हणून त्यांनी मला, शेजारणीला, सोबत घेतलं होतं. "बोलायला कुणीतरी हवं ना ताई," त्या म्हणाल्या होत्या. निम्मी वाट संपली तरी माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मावशी गप्प आहेत हे आमच्या भागात सांगितलं असतं, तर लोक डॉक्टर घेऊन आले असते.

वाचनालयाच्या जिन्याखाली त्यांचं छोटंसं दुकान आहे. बॅगेची, जॅकेटची, दप्तराची चेन बिघडली की माणसं त्यांच्याकडे येतात. हातात पक्कड आणि तोंडात गप्पा, दोन्ही एका वेगाने चालतात. अशा बाईला देवाने नात दिली ती जन्मतः ऐकू न येणारी. पाच वर्षांची आहे. मागच्या खेपेला ती आली, तेव्हा मावशी तिच्याशी मोठ्याने बोलल्या, मग आणखी मोठ्याने. पोरीला आवाज कुठला कळायला, तिला दिसला तो ताणलेला चेहरा. आजी रागावली असं वाटून ती आईच्या मागे लपली, आणि परत जाईपर्यंत तिथेच राहिली.

आता लेकीला परगावी नर्सचं शिक्षण घ्यायला जायचं होतं. नातीच्या शाळेची सुट्टीही त्यातच येत होती. मावशी म्हणाल्या, पोरगी माझ्याकडे ठेव. लेक म्हणाली, "आई, रात्री तिच्या पोटात दुखलं तर ती तुला सांगणार कशी? त्यापेक्षा शाळेच्या वसतिगृहात राहू दे, ते सुट्टीतही चालू असतं. तिथल्या बायकांना खुणा येतात." मावशी जिना चढून माझ्याकडे वाचनालयात आल्या.

ते त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी त्यांना वाचनालयातल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. मी तिथे पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. कॉम्प्युटरवर मी विजेचं बिल भरते, बसच्या वेळा बघते, सकाळी दार उघडलं की एक प्रार्थना लावते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. पण खुणांची भाषा फुकट शिकवणाऱ्या वेबसाइट असतात हे मला एका वाचकाकडून कळलं होतं.

"फुकट?" मावशींनी डोळे बारीक केले. "शेवटी काहीतरी गळ्यात मारतीलच."

दोनतीन वेबसाइट उघडून बघितल्या. एकीवर चित्रं फार लहान होती, एकीवर शिकवणारा माणूस मावशींना "इस्त्री केल्यासारखा" वाटला. तिसरीवर एक हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. एकेक खूण सावकाश करायची, पुन्हा करायची. भाषा परकी, पण शेजारी चित्र असायचं, त्यामुळे अर्थ कळायचा. मावशींनी तिलाच गुरू केलं. दुपारी दुकानावर फडकं टाकून त्या वर यायच्या. धडा संपला की पडद्याला हात जोडायच्या. पैसे कुणी मागितले नाहीत, याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत होतं.

बस आली. नात आईचं बोट धरून उतरली आणि मावशींना बघून थबकली. मावशी तिच्यासमोर खाली बसल्या आणि त्यांनी हात चालवायला सुरुवात केली. मला तर अभिमानच वाटला. पोरगी आधी आजीच्या हातांकडे बघत राहिली, मग आईकडे.

"आई," लेक हळूच म्हणाली, "हे कुठून शिकलीस?"

"कॉम्प्युटरवरून. का गं?"

"या दुसऱ्या देशातल्या खुणा आहेत. हिच्या शाळेतल्या वेगळ्या असतात."

"वेगळ्या कशा असतील? हात तर सगळ्यांना सारखेच ना."

"जिभा पण सारख्याच असतात, तरी भाषा किती आहेत," लेक म्हणाली.

मावशींचे हात मांडीवर पडले. एवढ्या दुपारी घालवून त्या परक्या भाषेत पटाईत झाल्या होत्या. मलाही ते सुचलं नव्हतं. मी मनात देवाचं नाव घेतलं, दुसरं काय करणार?

पोरीला मात्र एक गोष्ट कळली होती, आजीचे हात बोलायला बघताहेत. ती पुढे आली. तिने मावशींचा उजवा हात उचलला, चार बोटं मिटवली, अंगठा त्यांच्या ओठांशी नेला आणि मान हलवली. लेक म्हणाली, "पाणी म्हणतेय. असं करायचं." मावशींनी केलं. पोरीने अंगठा वाकडा होता तो सरळ केला. पुन्हा करायला लावलं. शिकवणारी कडक होती. स्टँडच्या बाकावर बसून आजीला तिने झोप शिकवली, भूक शिकवली. मावशी चुकल्या की ती कपाळावर हात मारून हसायची, आणि तिला हसताना बघून मावशी मुद्दाम चुकायच्या.

"अगं, बरोबर कर," लेक म्हणाली, पण तीही हसत होती. पोरीच्या शाळेने सांगितलेली वेबसाइट तिने मला मोबाइलवर दाखवली. तीही फुकटच.

परतताना पोरगी मावशींच्या बाजूने चालत होती. पुलाच्या अलीकडे लेक म्हणाली, "पोटात दुखतंय, ताप आहे, भीती वाटते, एवढं पक्कं कर. माझं जाणं दोन आठवड्यांवर आहे. तोवर तुला जमलं, तर ठेवते तुझ्याकडे."

"जमेल," मावशी म्हणाल्या. मग माझी बाही धरून त्यांनी मला मागे ओढलं.

"ताई, एक मागते. उद्यापासून तुम्हीही माझ्याबरोबर बसा शिकायला. माझं वय झालंय. कधी मलाच काही झालं, तर ही पोर शेजारचं दार वाजवणार, आणि ते दार तुमचं आहे. दार उघडल्यावर तिला काय म्हणायचंय, ते तुम्हाला कळायला हवं."