विमानाला लावलेली हळद

एवढ्या वर्षांच्या नोकरीतलं ते प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. दुष्काळ चालू होता. गावाबाहेरच्या माळावर दुष्काळी कामावरच्या मजुरांनी धावपट्टी केली होती. तिच्यावर पहिलं विमान उतरलं, ते सरकारी मालकीचं छोटं जेट. एरवी ते मंत्र्यांच्या दिमतीला असे. त्या हंगामात पाहणीचे अधिकारी आणि औषधांची खोकी वाहत होतं. मी फौजदार होतो. बंदोबस्त माझ्याकडे होता.

उड्डाणाआधीच्या तपासणीत वैमानिकाला विमानाच्या बगलेतलं बारीक भोक कसल्याशा सुकलेल्या लगद्यानं बुजलेलं आढळलं. त्या भोकातल्या हवेवरून यंत्राला उंची कळते. तसंच उडालं असतं तर विमान कोसळण्याचा धोका होता.

"घातपात," आमचे वरिष्ठ म्हणाले. "नेमकं तेच भोक बुजवलंय. माणूस माहितगार आहे. संध्याकाळपर्यंत अटक दाखवा."

पहाऱ्यावरच्या होमगार्डाला मी बाजूला घेतलं. तो हळूच म्हणाला, "साहेब, जेवणाच्या सुट्टीत कामावरच्या बायका आल्त्या. मुकादमीण पुढं व्हती. म्या आडवलं न्हाय."

मुकादमीण पन्नाशीची, भूम तालुक्याकडची. अटक झाली तर काम जाणार आणि घरची चूल त्याच कामावर पेटत होती. तरी तिनं काही लपवलं नाही.

"मावशी, विमानाला हात कुणी लावला?"

"म्याच. हळदीकुंकू लावलं."

"कशाला?"

"ठाण्यात नवी जीप आली तवा तुमी काय केलं व्हतं? पट्टी आमी केली. तिच्यावर पयलं विमान आलं, ते कोरडंच जाऊ द्यावं व्हय?"

"पण त्याच जागी?"

"तिथं लाल गोल काढलेला व्हता. म्हणलं, कुंकवाची जागा तुमीच आखून ठिवली. लई भरून लावलं."

पंचांसह तिला विमानापाशी नेलं. भोकाभोवती खरोखरच लाल गोल होता. 'बुजवू नये' ही सूचना इंग्रजीत होती. आम्ही सगळे भोकाकडेच पाहत राहिलो होतो. खाली वाकल्यावर पुढच्या चाकावर कुंकू आणि शेजारी नारळाची करवंटी दिसली. घातपात करणारा नारळ फोडत बसत नाही.

वरिष्ठांना तेवढ्यानं पटेना. तेव्हा वैमानिक म्हणाला, "साहेब, हे विमान सेवेत आलं त्या दिवशी आम्हीही नारळ फोडला. टिळा मीच लावला, नाकावर. मला जागा ठाऊक होती, एवढाच फरक."

वरिष्ठांनी अटकेचा हट्ट सोडला. भोक साफ झालं, यंत्रं तपासली गेली, विमान उडालं. स्टेशन डायरीत 'घातपात नाही' अशी नोंद केली आणि बाईला कामावर परत पाठवलं.

पुढे प्रत्येक घटनास्थळी संशयिताच्या जागी उभं राहून त्याला काय दिसलं असेल, ते मी आधी पाहत आलो. त्यामुळे काही माणसं सुटली. काही पक्की अडकलीही.

विमानाच्या पुढच्या खेपेला वैमानिक उतरला तो थेट मजुरांकडे गेला. "चला मावशी, जागा दाखवतो."

तिनं विमानाच्या नाकावर कुंकवाचं बोट टेकवलं. वरिष्ठ मागेच उभे होते.

"नारळ कुठंय?" त्यांनी विचारलं.

"मागल्या खेपंला आमी आणला व्हता, सायेब," ती म्हणाली. "आता तुमी आणा."

त्यांनी जीप बाजाराकडे पिटाळली.