नेहमी उभ्या राहता तशा

तिला घरात सगळे नवी म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा म्हणत होते ते ठीक होतं. पण केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती आपली नवीच. कारण तिच्याआधी या घरात नवऱ्याची पहिली बायको होती, आणि मेलेल्या माणसाचं वय वाढत नाही. जिवंत सवत असती तर भांडता आलं असतं, अबोला धरता आला असता. पहिलीशी काय करणार?

घर जुनं, दगडी, उंच छताचं. दर्शनी बाजूला हात लावायला पालिकेची परवानगी नव्हती, म्हणून मागची भिंत फोडून एक खोली वाढवायची आणि स्वयंपाकघर तिकडे न्यायचं ठरलं. ठरवलं नवऱ्यानं, असं तो सांगायचा. खरं तर नवीनं वर्षानुवर्षं त्याचा पिच्छा पुरवला होता, कारण जुना ओटा पहिलीच्या मापाचा होता. पहिली चांगली ताडमाड. नवी जेमतेम तिच्या खांद्याला लागली असती. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी सासूनं ओट्यापाशी एक लाकडी पाट सरकवला. त्यावर चढून नवीनं चहा केला, आणि मग तिचा सगळा संसार त्या पाटावरच झाला.

ओटा काळ्या दगडाचा. त्याची कड एका जागी झिजून गुळगुळीत झाली होती. तिथे पहिली मनगट टेकवायची म्हणे. नको नको म्हणता नवीचं मनगट तिथेच जायचं. भिंतीतल्या फडताळाचं दार आपोआप उघडायचं. "जुनं लाकूड आहे, फुगतं," असं नवरा म्हणायचा. नवी मान हलवायची. पण आपल्या मागे कुणीतरी उभं आहे, आपल्या डोक्यावरून पातेल्यात बघतंय, असं तिला रोज वाटायचं. एकदा भाजीत मीठ घालताना ती "बास का?" असं विचारून बसली. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं.

नव्या ओट्याचा दगड निवडायला दोघं दुकानात गेली.

"काळा घ्या, ताई," दुकानदार म्हणाला. "डाग पडला तरी दिसत नाही."

"काळा नको."

"मग हा पांढरा? पण याच्यावर लिंबू सांडलं की संपलं."

"सांडू दे. माझं लिंबू, माझा डाग."

नवरा बघतच राहिला. पडद्याच्या कापडालासुद्धा 'तुम्ही म्हणाल ते' म्हणणारी बाई ही! कपाटांचे नमुने आले तसं तिनं आणखी एक सांगितलं: दार असलेलं काहीही नको, सगळे ओढायचे खण हवेत. का, ते तिनं सांगितलं नाही.

सुतार माप घ्यायला आला तेव्हा ती जुन्या ओट्यापाशी भाजी ढवळत होती. "उंची कोपरावरून धरतात, बाई," तो म्हणाला. "नेहमी उभ्या राहता तशा उभ्या राहा. हात वाकवा जरा." तिनं हात वाकवला. त्यानं कोपराच्या थोडं खाली भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली, जमिनीपासून फीत धरली आणि म्हणाला, "झालं!" आपल्या अंगाचं माप या घरात प्रथमच कुणी घेतलं होतं. नवी त्या दिवशी विनाकारण हसत होती. जुना ओटा फोडला तेव्हा तर तिनं तो पाट स्वतःच्या हातानं राडारोड्याच्या ढिगावर भिरकावला.

नवं स्वयंपाकघर तयार झालं. पांढरा दगड बसला. सुतारानं तिला आत बोलावलं, ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली, आणि दगड तिच्या छातीला लागला.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पहिली इथेही आली होती.

"डोळे फुटले होते का माप घेताना?" नवरा सुतारावर उखडला.

"साहेब, रेघ अजून आहे भिंतीवर. चला, दाखवतो."

तिघंही जुन्या खोलीत गेली. नवी रेघेला कोपर लावायला गेली, तर रेघ पार वर. मग तिला कळलं. नेहमी उभ्या राहता तशा, असं तो म्हणाला होता, आणि ती तशीच उभी होती. पाटावर. गाऊन पायघोळ, पाट फरशीच्याच रंगाचा. त्या बिचाऱ्याला काय दिसणार? आणि तिला तरी कुठे जाणवलं होतं? पहिलीसाठी नवा ओटा तिनंच मागून घेतला होता, मापही तिनंच दिलं होतं. तिला आधी हसू फुटलं आणि मग रडू आवरेना.

"असू दे गं," नवरा म्हणाला. "इतकी वर्षं पाटावर केलंसच ना? नवा आणू, छानसा."

तो प्रेमानंच म्हणाला. तेच तिला सोसलं नाही.

"दगड उचला," ती सुताराला म्हणाली, "आणि खालचे खण कापून बुटके करा."

"बाई, बसवलेला दगड उचलताना तडकतो."

"तडकू दे."

तिनं चपला काढल्या, भिंतीला पाठ लावली, वाकून स्वतःची पावलं जमिनीवर आहेत ना ते पाहिलं. "आता घ्या माप."

दगड उचलताना कोपऱ्यात केसाएवढी चीर गेलीच. पण ओटा आता तिच्या मापाला बसला.

या ओट्यावरच्या पहिल्या सकाळी नवी कांदा चिरायला उभी राहिली. खिडकीतून ऊन दगडावर आलं होतं. एकही खण आपोआप सरकला नाही. पाठीमागे कुणी नव्हतं. तिनं मुद्दाम थांबून अंदाज घेतला, खरंच कुणी नव्हतं. तिला हायसं वाटलं, आणि मग, खोटं कशाला बोला, जरा एकटंही वाटलं.

नवरा चहासाठी आला आणि दारातच थबकला.

"अगं, अशी काय उभी आहेस? पाय दुखतील."

"कशी?"

तिनं खाली पाहिलं. तिच्या दोन्ही टाचा जमिनीवरून उचललेल्या होत्या, खाली एक पाट मावेल एवढ्या.