रुमालाखालचा हात

नसीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी माजलगावच्या बाजारात शेळीच्या सौद्यात होते. या धंद्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. हातावर रुमाल टाकून त्याखाली समोरच्याची बोटं दाबायची. बोटंच आकडा सांगतात. ज्यानं हात आधी काढला त्यानं सौदा मोडला. त्या दिवशी मी हात काढला... दीड महिना झाला, पुन्हा बाजारात पाय टाकला नाही.

नसीम कपडे शिवायची. पहिल्याच ब्लाउजला मी घासाघीस केली, तर म्हणाली, "बाई, मी शेळी न्हाई, टेलर हाय." पुढे बोटांची भाषा मीच तिला शिकवली, तिच्याच लाल रुमालाखाली. दुकानात बायका बसलेल्या असायच्या आणि तिचा अंगठा माझ्या तळहातावर हळूहळू फिरायचा. तो कुठलाच आकडा नव्हता. भल्याभल्यांना गप्प करणारी मी, तिथं माझी जीभ अडखळायची. लोक आम्हाला मैत्रिणी म्हणायचे. अकरा वर्षं आम्ही नवरा-बायको असतात तशा एकमेकींच्या होतो. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पण ठरवायचे मीच. तिनं कधी यायचं, किती थांबायचं, चारचौघांत किती बोलायचं, सगळं. तिचं मागणं एकच होतं. रुमालाखाली माझं एक बोट दाबायची : एक घर, दोघींचं. मी टाळायचे.

"बाजारात नाव हाय माझं, नसीम."

"आन् माझं, कमल? माझं कुठं हाय?"

मी तणतणत निघून यायचे.

आजारी पडली तशी ती मला न विचारता पालीला भावाकडे गेली. तो राग अजून माझ्या मनात आहे. भेटायला गेले तर तिची भावजय म्हणाली, "बसा ताई, आपा तुमचंच नाव घेत व्हत्या." मग ती चहा ठेवायला आत गेली. नसीमनं चादरीखाली माझा हात धरला. एक बोट दाबलं.

"आता? भावाच्या घरात बसून?" मी फणकारले आणि हात काढून घेतला.

आमची ती शेवटची भेट.

ती गेल्यावर लाल रुमाल भावजयीनं मला दिला, आपांनी सांगून ठेवलं होतं म्हणाली. रोज सकाळी तो मांडीवर पसरते, खाली हात ठेवते. दारात कुणी हाका मारतं, चुलीवर दूध उतू जातं... हात मी काढत नाही.