उन्हात उभ्या दोन गाड्या

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळतात, पण दुबईच्या अल क्वोज भागातली ती दुपार अजून जशीच्या तशी समोर उभी राहते.

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी दुबईत एका मोटार कंपनीत सुरक्षा अधिकारी होतो. कंपनी स्वतःची आलिशान गाडी तयार करत होती. तिचा प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीसाठी बनवलेली पहिली गाडी, आणि प्रतिस्पर्ध्याची विकत आणलेली गाडी एकाच उन्हात बंद करून ठेवायचे. मग एसी आतली हवा किती वेळात थंड करतो, ते मोजायचे. घड्याळ माणूस आत बसल्यावर लागायचं. दर खेपेला परकी गाडीच जिंकायची. आमच्या एसीच्या टीमला घरी पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं.

अशात गेटवरच्या गार्डने खबर दिली, "साहेब, टेस्टच्या आधी एक ड्रायव्हर त्या परक्या गाडीत एकटाच जाऊन बसतो." प्रतिस्पर्ध्याने आमचा माणूस फोडला, असंच मी धरून चाललो.

ड्रायव्हर रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा. मी त्याला सगळ्यांदेखत दंडाला धरून केबिनमध्ये आणलं.

"कोणी बसायला सांगितलं?"

"कोणी नाय साहेब. माझं कामच ते."

मला तो उर्मटपणा वाटला. "पैसे कोण देतं?"

"कंपनी. पगार."

टेस्टचा मॅनेजर मुंबईचा, तोही केबिनमध्ये आला होता. तो उखडला. "खलास. व्हिसा कॅन्सल करा."

ड्रायव्हरला मुख्य कार्यालयात न्यायचं म्हणून मी उठवलं. बाहेर माझी गाडी तापून निघाली होती. मी दाराला हात घालणार, तोच तो आडवा आला.

"थांबा साहेब, पाच मिनिटं. थंड करतो, मग बसा."

ज्याने नोकरी घालवली, त्याच्यासाठी हा माणूस सवयीने एसी लावायला निघाला होता. मी जागच्या जागी थबकलो.

"हे रोज करतोस?"

"करायलाच लागतं. साहेबलोक तापल्या गाडीत बसतील काय?"

"आणि ती परकी गाडी?"

"तिच्यात मॅनेजरसाहेब स्वतः बसतात ना! आपल्या डबड्यात टेस्टवाली पोरं. त्यांना कोण थंड करून देणार?"

दुसऱ्या दिवशी टेस्टच्या आधी दोन्ही गाड्यांना कोणी हात लावला नाही. आमचा प्रोटोटाइप थोडक्यात पुढे निघाला. टीम राहिली, ड्रायव्हरही राहिला. मॅनेजरला थंड गाडीचीच सवय, त्यामुळे त्याला कधी वेगळं जाणवलंच नव्हतं. तो ड्रायव्हरला हसून म्हणाला, "हबीबी, मुझे गरम ही बैठने दे!"

पण ड्रायव्हर निर्दोष आहे, हे आम्ही बंद केबिनमध्येच बोललो. दंडाला धरून नेलेलं मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं. 'चोरीत सापडला' ही बातमी लेबर कॅम्पमधून त्याच्या गावापर्यंत गेली आणि मी ती खोडून काढली नाही. म्हणून आज स्पष्ट लिहितो: त्याने काहीही चोरलं नव्हतं, कोणाला विकलं नव्हतं. 'काय केलंस' असं दरडावण्याआधी 'तू रोज काय करतोस' हे विचारायचं असतं, हे इतकी वर्षं वर्दी घालूनही मला माहीत नव्हतं.

अलीकडे मुलाकडे दुबईला गेलो, तेव्हा त्या ड्रायव्हरला फोन करून हे छापू का, असं विचारलं. "छापा साहेब, गावात माझी पोर वाचेल," म्हणाला आणि दुपारी करामा भागात मुलाच्या घरी भेटायलाच आला. मला फिरवून आणायचं म्हणत होता. त्याची गाडी उन्हात होती.

"थांबा साहेब, पाच मिनिटं..."

मी थांबलो नाही. तापलेल्या गाडीत पुढे, त्याच्या शेजारी जाऊन बसलो.