चरबीची कॅप्सूल आणि माझं 'नाही'

आता माझ्याच मूर्खपणाचं काय सांगू तुम्हाला! चहा येईपर्यंत ऐका. अजून आठवलं तरी डोकं तापतं.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी दापोडीहून सायकलवर चिंचवडच्या एका कंपनीत जायचो. लेथवर होतो. त्याआधी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली, म्हणून पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी लावून दिली होती. कंपनीत मात्र मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. कळलं असतं तर लेथ काढून घेऊन हलक्या कामावर बसवलं असतं. बारा वर्षं चालवलेली मशीन हो ती! दुसऱ्यानं हात लावलेला मला खपायचा नाही.

मग तपासणीत माझ्या रक्तात चरबी जास्त निघाली. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्यावर कॅप्सूल लिहिली आणि विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे?"

"नाही," मी ठणकावून सांगितलं.

दोन आठवड्यांत दात घासताना रक्त यायला लागलं. मी दंतमंजन फेकलं आणि दुकानदाराशी भांडून आलो. दाढी करताना जरासं कापलं, तर रक्त थांबेना. ब्लेड गंजकं म्हणून न्हाव्यावर तुटून पडलो. दंडावर काळेनिळे डाग उठले, तेव्हा गादीत काय खिळे भरलेत का म्हणून बायकोवर ओरडलो. ती बिचारी गादी उसवून बघत बसली. मला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

शेवटी एक दिवस लेथवरच नाकातून धार लागली. दोघांनी धरून दवाखान्यात नेलं. बायकोला निरोप गेला, तर ती घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आली. बाईंनी गोळी बघितली आणि कपाळावर हात मारला.

"या कॅप्सूलनं त्या गोळीचा जोर वाढतो. मेंदूत रक्तस्राव झाला असता म्हणजे? मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

मला बाईंचाच राग आला, बोला! म्हटलं, जरा दरडावून विचारायचं होतं.

"अहो, दरडावलं असतं तरी तुम्ही नाहीच म्हणाला असता," बायको म्हणाली.

कॅप्सूल बंद झाली आणि लेथही गेला. बाईंनी मला दवाखान्याच्या दारात येणाऱ्या पेशंटांचे कागद भरायला बसवलं. याला बघून तरी लोक खरं सांगतील, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्याच दिवशी आमच्या खात्यातला मारुती आला. दुसरं औषध चालू आहे का विचारलं, तर "न्हाई" म्हणाला. वरच्या खिशातून गोळ्यांची पुडी डोकावत होती! मी टेबलावर हात आपटला. खोटं बोलतोस, मरायचंय का, म्हणून त्याला फैलावर घेतला.

तो शांतपणे म्हणाला, "राव, खरं बोललो तर माझी बी खुर्ची तुमच्या शेजारी टाकतील."

आणि तो एकटाच नव्हता. मला तिथं बसलेला बघून सगळी कंपनी 'नाही' म्हणायला शिकली.