पोस्टाच्या बाईंचे मिस्टर

आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या सोसायटीत सुनेत्रा रणभिसे यांना नावाने कोणी हाक मारत नसे. त्या ‘पोस्टाच्या बाई’. महिन्याच्या पाच ते दहा तारखेत दारोदार फिरून आरडीचे हप्ते घ्यायच्या, कार्डावर सही करून द्यायच्या आणि पैसे पोस्टात भरायच्या. फिकट रंगाची साडी, बांगड्यांऐवजी घड्याळ, कपाळ मोकळं. बसा म्हटलं तरी खुर्चीच्या कडेवर टेकायच्या, कुठल्याही क्षणी उठावं लागेल अशा.

ते मोकळं कपाळ बघून आम्ही सगळ्यांनी मनाशी एक ठरवून टाकलं होतं. विचारलं कोणीच नाही. असं कोण विचारतं? सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत त्यांनी काम सुरू केलं आणि वर्षाच्या आत बासष्ट घरं झाली. दुसरा एक एजंटही येत असे. पण सेक्रेटरींच्या मिसेस, कुमुदिनीवहिनी, ज्याला त्याला सांगायच्या, “त्यांना द्या गं. एकट्या बाईने घर ओढायचं म्हणजे काय असतं!” त्यांनी स्वतः घरातल्या सगळ्यांच्या नावांनी नऊ खाती उघडली. मी दोन उघडली, आणि आपण काहीतरी चांगलं केलं म्हणून त्या दिवशी खूश होते.

आमचा हा समज बाईंना कळला अठ्ठ्याऐंशीच्या संक्रांतीत. हप्ता घ्यायला त्या कुमुदिनीवहिनींकडे गेल्या, तर हॉलमध्ये हळदीकुंकू चाललेलं. वहिनींनी लगबगीने त्यांना दंडाला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “बाहेर बसू नका. उगाच मनाला लागतं. माझी मावशीसुद्धा अशी लवकरच...”

“एका वाक्याचं काम होतं हो,” बाई मला खूप नंतर म्हणाल्या. “आमच्यात कुंकू लावत नाहीत, नवरा धडधाकट आहे. बोलायला तोंड उघडलं, आणि मीच त्यात तो तिळगूळ टाकला.”

रणभिसे मूळचे नगरकडचे, पणजोबांपासून ख्रिस्ती, राहायला लाइनीपलीकडे पश्चिमेला. बाईंचे मिस्टर शशिकांतराव उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका सिंधी शेठकडे पॅकिंगला होते. पगार कधी एक तारखेला, कधी पंधराला. मुलगी अंजनी पुढे नगरला नर्सिंगला गेली, तिचं हॉस्टेल आणि पुस्तकं सगळं बाईंच्या कमिशनवर. तिळगुळाची गोष्ट ऐकून शशिकांतराव पोट धरून हसले होते. “म्हणजे मी मेलो म्हणून धंदा चालतोय? मग माझी पण टक्केवारी काढ की!”

बाईंना हसू आलं नाही. रविवारी चर्चमध्ये नवरा तबल्यावर बसायचा आणि बाई बायकांच्या बाजूला बसून त्याच्याकडे बघत राहायच्या. उपदेशात ‘खोटी साक्ष देऊ नको’ ह्या आज्ञेचा विषय निघाला की मान खाली. मी खोटं बोलले कुठे, असं देवाशीच भांडायच्या. अंबरनाथच्या बाजारात दोघांनी जाणं त्यांनी बंद केलं. भाजीसुद्धा उल्हासनगरहून यायला लागली. एकदा स्टेशनबाहेर माझ्या सासूबाई समोरून येताना दिसल्या, तर ह्यांनी शशिकांतरावांना चक्क रसवंतीत ढकललं आणि स्वतः तरातरा पुढे निघून गेल्या. त्या दिवशी ते हसले नाहीत. घरी येऊन एवढंच म्हणाले, “मी काय चोर आहे, लपायला?”

ब्याण्णवचा फेब्रुवारी आला. पाच वर्षांची मुदत भरत आलेली. जिन्यात, गच्चीवर, नळावर, जिथेतिथे शेअरच्या गप्पा. बहुतेकींचं मन चळलं होतं. पण कुमुदिनीवहिनींनी सोसायटीच्या मीटिंगनंतर जाहीर केलं, “शेअर गेले खड्ड्यात. आपल्या पैशावर त्या बिचारीची चूल पेटते. मी सगळं परत त्यांच्याकडेच ठेवणार, आणि तुम्हीही ठेवा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई माझ्याकडे आल्या आणि पाणीसुद्धा न घेता त्यांनी सगळं सांगून टाकलं.

“अंजनीचं शेवटचं वर्ष होऊ द्या,” मी कसंबसं म्हटलं. “मग सांगा.”

“मग म्हणाल, तिचं लग्न होऊ द्या. वहिनी, आतापर्यंत मी गप्प होते. आता नवे फॉर्म भरायचे म्हणजे पुढच्या पाच वर्षांसाठी मिस्टरांना मी माझ्या हाताने मारायचं.”

सकाळी त्या नवऱ्याला घेऊनच आल्या. शशिकांतरावांचा शर्ट कडक इस्त्रीचा, केस चापून बसवलेले. कुमुदिनीवहिनींचं दार आमच्या समोरच, त्यामुळे मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

“हे कोण?”

“माझे मिस्टर.”

वहिनींनी शशिकांतरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग चेहरा उजळून म्हणाल्या, “अगं बाई! कधी केलंत?”

“बावीस वर्षं झाली. हेच पहिले. आम्ही ख्रिस्ती आहोत, कुंकू लावत नाही. तुमचा गैरसमज झालाय हे मला चार वर्षं माहीत होतं. फॉर्म भरायच्या आधी सांगायला आले.”

“ख्रिस्ती? आणि नाव सुनेत्रा?”

“मग काय, मारिया ठेवायचं होतं?” शशिकांतरावांना राहवलं नाही. “आईबापांनी ठेवलं, ताई. तुमचं ठेवलं तसंच.”

“धर्माचं काही नाही हो मला,” वहिनींचा आवाज चढला. “पण मी तुमच्यासाठी देवापुढे हळहळले. माझ्या मावशीचं घरातलं दुःख तुम्हाला सांगितलं. आणि तुम्ही खाली मान घालून ऐकत राहिलात? फसवलंत मला.”

“हो,” बाई म्हणाल्या. एवढंच.

वहिनींची नऊ खाती शेअरकडे गेली. बाई नवऱ्याला घेऊन उरलेल्या प्रत्येक दारी गेल्या. कोणी म्हणालं, आम्हाला आधीच वाटलं होतं. एकीने विचारलं, आता आम्हाला चर्चला नेणार का? एप्रिलपर्यंत बासष्टातली एकतीस घरं उरली. माझ्या सासूबाईंनी आमची दोन्ही खाती ठेवली, पण प्रेमाने वगैरे नाही. “शेअरचं मला कळत नाही, आणि तो दुसरा मेला तारखा चुकवतो.” बाईंना हे कारण फार आवडलं. दोनदा म्हणायला लावलं मला.

अंजनीच्या फीसाठी शशिकांतराव शेठकडे रविवार सोडून रोज दोन तास जास्त थांबू लागले. बाईंनी बदलापूर धरलं. तिथल्या शिरगाव भागात नव्या बिल्डिंगा उठत होत्या, माझी मावसबहीण तिथे राहायची, म्हणून पहिल्या दिवशी मीही गेले. तिच्या शेजारच्या दाराची बेल वाजवली. कणकेच्या हाताने एक बाई बाहेर आली.

“मी सुनेत्रा रणभिसे, पोस्टाची एजंट,” बाईंनी एका दमात सुरुवात केली. “मी ख्रिस्ती आहे, मला नवरा आहे, तो उल्हासनगरला—”

“अहो, नवरा मलापण आहे. व्याज किती ते बोला.”

मला हसू आवरेना. बाईंनी व्याज सांगितलं, फॉर्म भरला, सही घेतली. आम्ही जिना उतरू लागलो. मधल्या मजल्यावर त्या थबकल्या.

“वहिनी, तिने नीट ऐकलं ना हो?”

“ऐकलं. चला आता.”

“तिचं लक्ष कणकेत होतं,” असं म्हणून त्या खरोखरच परत वर चढल्या.