गुहेतली धूळ

पोहायला शिकणारी पोरं तिला मासोळीताई म्हणत. एका दमात पाण्याखालून तलावाचं दुसरं टोक गाठणारी बाई! त्यामुळे सहलीत गुहेचा अरुंद बोगदा लागला, तेव्हा सगळ्यांआधी तीच पोटावर सरपटत आत शिरली. मागोमाग नणंद, कुरकुरत. छताला वटवाघळं लोंबत होती आणि खाली त्यांच्या विष्ठेचा कोरडा, भुसभुशीत थर. धूळ नाकातोंडात गेली. दोघी शिंकल्या, हसल्या आणि आपापल्या गावी परतून ते विसरूनही गेल्या.

दोनेक आठवड्यांत तिला ताप भरला, मग कोरडा खोकला. दिवसभर पाण्यात डुंबल्यावर आणखी काय होणार, असं नवरा म्हणाला. पण ती जिना चढताना मध्येच बसली, तसा तो तिला थेट डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर ठिपके होते. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी डॉक्टरीणबाईंना क्षयाचीच शंका होती. औषधं सुरू झाली. ताप हटेना, अंग झडलं, ओठ निळसर पडले. दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. नवरा उशाशी बसून तिच्या छातीकडे एकटक बघत राही. ती हलली की मगच स्वतः श्वास घेई.

नणंद भेटायला आली, तीही खोकत.

"वहिनी, तुझा खोकला मला लागला की काय?"

तिने मास्क बाजूला केला. "सहलीनंतर आपली गाठ तरी कुठे पडली?"

दोघींना एकदमच गुहेतली ती धूळ आठवली. नवरा धावत डॉक्टरीणबाईंकडे गेला.

त्याने वटवाघळं म्हणताच त्या खुर्चीवरून उठल्या. त्या विष्ठेत वाढणारी बुरशी श्वासातून फुप्फुसात उतरते आणि क्षयासारखीच दिसते, असं त्यांनी सांगितलं. कुठे फिरून आलात हे आपण आधीच विचारायला हवं होतं, हेही कबूल केलं.

"तपासणीचा निकाल यायला वेळ लागेल," तिच्या खोलीच्या दाराशी येऊन त्या म्हणाल्या. "तोवर थांबलो तर ती हातची जाईल. औषध जालीम आहे, मूत्रपिंडाला बाधू शकतं. देऊ?"

नवऱ्याने उघड्या दारातून तिच्याकडे पाहिलं. आतून तिनेच होकारासाठी हात वर केला.

थेंब थेंब औषध शिरेत उतरू लागलं. त्या रात्री ती थंडीने दातखीळ बसेपर्यंत कुडकुडली. निकाल आला तो बुरशीचाच. तोवर ताप उतरणीला लागला होता. नणंदेचा खोकला औषधाविनाच बरा झाला.

गोळ्या मात्र कित्येक महिने चालल्या. ती पुन्हा पाण्यात उतरली तेव्हा निम्म्यावरच धाप लागली. तिने दोर धरला, दम खाल्ला आणि उरलेलं अंतर हळूहळू कापलं. काठावरचा नवरा केव्हाच घोटाभर पाण्यात उतरून उभा होता, बूट न काढताच.